खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी आणि जुना फिल्टर

आमचा धंदा कापडाचा. परंतु मुलाने घरी समुद्री माशांची काचपेटी मांडली आणि आम्हाला फिल्टरचाही धडा घ्यावा लागला. नवे सामान महाग, म्हणून जुने घेतले. घाण पचवणारे जिवाणू तयार व्हावेत म्हणून दीड महिना पेटी नुसती चालवली, मग कोळंब्या सोडल्या. दोन दिवसांत सगळ्या मेल्या. जुन्या पंपाच्या जोडणीत एक पितळी कॉक राहून गेला होता. पितळेतले तांबे खाऱ्या पाण्यात सुटते आणि कोळंबी-शंखांना ते अगदी थोडेही विष ठरते.

तेव्हापासून आमचा नियम एकच : जुन्या फिल्टरचा सांगाडा घ्यावा, पोट घेऊ नये.

आमच्या कोल्हार भागात ठिबकचे जुने सामान भंगारात येते. त्यातील प्लॅस्टिकचा चकती-फिल्टर आणि व्हेंच्युरी कामाचे आहेत. व्हेंच्युरी शेतात खत ओढते; पेटीत तीच हवा ओढून बारीक बुडबुडे करते आणि बुडबुड्यांना चिकटून घाण फेसावाटे बाहेर पडते. पंप मात्र जोरदार हवा. लोखंडी टाकीचा वाळू-फिल्टर घेऊ नये, तो गंजतो. त्यातली वाळूही नको, कारण खतातले फॉस्फेट शेवाळ वाढवते.

घरगुती आर.ओ. यंत्राचे घर आणि पंप चालतात. मेम्ब्रेन नवीच घालावी. पाण्यात क्षार मिसळणारा टीडीएसचा स्क्रू पूर्ण बंद करावा, मिनरलची नळी काढावी आणि शेवटी डीआय रेझिन जोडावे. टीडीएस शून्याजवळ आला की लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ घालावे. खाण्याचे मीठ चालत नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम पुरेसे नसते.

सफाईसाठी सांगाडा सिरक्याच्या पाण्यात भिजवावा, म्हणजे चुना सुटतो. भरपूर धुऊन दुसऱ्या दिवशी ब्लीचच्या पाण्यात ठेवावा. सिरका आणि ब्लीच कधीही एकत्र करू नयेत; विषारी वायू निघतो. शेवटी हायपोच्या पाण्यातून काढून स्वच्छ धुवावा. आमच्या रंगारी बांधवांना हायपो नवा नाही. ब्लीच केलेल्या कापडातला क्लोरीन तोच मारतो.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. पाणी गाळायची पिशवी २०० मायक्रॉनच्या पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर फेल्टची लागते. सुती कापड कुजते, रंगीत कापड रंग सोडते. बिनरंगी फेल्ट, पॉलिएस्टरचा दोरा आणि दुहेरी शिलाई असली की आपला गावचा दर्जीही ती शिवू शकतो. तीन-चार दिवसांनी पिशवी धुवावी लागते, म्हणून गिऱ्हाईक दोन-तीन घेते.

एक इशारा. समुद्री पेटी म्हटली की लोक प्रवाळ मागतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळांना २००१ पासून पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. जिवंत असो वा वाळलेले, त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. बनावटी प्रवाळ ठेवावे.

जे कारागीर जुने फिल्टर दुरुस्त करून विकतील त्यांना विनंती की, कोणता भाग जुना, कोणता नवा आणि यंत्र आधी कुठे चालत होते, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. कापडाच्या ताग्यातला ऐब आपण दाखवून विकतो, तसाच हाही दाखवावा. गिऱ्हाइकाची पेटी जगली तर ते पुन्हा आपल्याच दारी येईल.