गाळ : जागा चुकलेली आणि जागा सापडलेली माती

(रिद्धपूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज गाळावर बोलणार, याचं काहींना नवल वाटलं असेल. पण वैशेषिकांनी नऊ द्रव्यं मोजली तेव्हा पहिलं नाव पृथ्वीचंच घेतलं. तेव्हा मी फार भरकटलेलो नाही.

समोर टेबलावर दोन बरण्या आहेत. दोन्हींत दर्यापूरकडच्या एका वावरातली मूठभर माती आणि साठवलेलं पावसाचं पाणी आहे. उजवीकडच्या बरणीत शिवाय चमचाभर मीठ टाकलंय. दोन्ही खळखळून हलवतो आणि ठेवून देतो. शेवटी त्यांच्याकडे पुन्हा वळू.

आधी गाळ म्हणजे काय ते पाहू. खडक झिजतो, फुटतो, त्याचे कण होतात. वाऱ्यानं किंवा पाण्यानं ते उचलले आणि दुसरीकडे नेऊन टाकले की त्यांना आपण गाळ म्हणतो. कोणता कण कुठे पडेल, हे मुख्यतः त्याच्या आकारावर आणि पाण्याच्या वेगावर ठरतं. कणाचा व्यास निम्मा झाला की त्याचा बुडण्याचा वेग एक चतुर्थांश होतो. बारीक रेतीचा ०.०५ मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात १० सेंटिमीटर खाली जायला पाऊण मिनिट घेतो. चिकणमातीचा ०.००२ मिलिमीटरचा कण तेवढ्याच अंतराला सुमारे ८ तास घेतो. या दोहोंच्या मधला तो पोयटा.

आता ही बरणी आडवी करा आणि वऱ्हाडाएवढी मोठी करा. उत्तरेला सातपुडा, म्हणजे आपले गाविलगडचे डोंगर. दक्षिणेला अजिंठ्याची रांग. मध्ये पूर्णेचं खोरं. डोंगरावरून नाले वेगानं उतरतात तेव्हा गोटे, भरड, रेती सगळं घेऊन येतात. पायथ्याशी उतार मोडतो, पाण्याचा जोर ओसरतो, आणि जड माल तिथेच पडतो. अचलपूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा या बाजूला डोंगराच्या कडेनं असा गोट्या-रेतीचा पट्टा आहे. भूजलवाले त्याला बजाडा म्हणतात. त्यातून पाणी झरझर खाली मुरतं, म्हणून तिथल्या विहिरींना गोडं पाणी आणि बागायतीला आधार.

बारीक माल मात्र पुढे जातो. तो पूर्णेच्या दोन्ही अंगांना, सपाटीवर जाऊन बसला. लाखो वर्षं बसत राहिला. खोऱ्याची खोलगट जागा भरत गेली आणि काही ठिकाणी हा थर शेकडो मीटर जाड झाला. बरणीत जे पाऊण मिनिटात आणि आठ तासांत होतं, तेच इथे डोंगरापासून नदीपर्यंतच्या अंतरात मांडलेलं आहे.

आणि हाच आपला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा, तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. चिकणमाती घट्ट, उतार नाममात्र, निचरा मंद. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. विहीर खणावी तर पाणी खारं. त्यातला सोडियम मातीच्या कणांना चिकटतो. असा कण पावसाच्या गोड्या पाण्यात आला की शेजाऱ्यापासून सुटतो, विखुरतो, मातीची छिद्रं बुजवतो. मग वर पाणी साचतं आणि वाळलं की पापडी धरते. तिथे जिप्सम टाकायला सांगतात ते याचसाठी. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि कण पुन्हा एकमेकांना धरतात.

हा गाळ पुढे जातो कुठे? आपला अमरावती जिल्हा मोठा गमतीचा आहे. पश्चिमेचं पाणी पूर्णेत जातं, पूर्णा चांगदेवाजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. पूर्वेचं पाणी वर्धेत जातं, तिथून प्राणहिता, गोदावरी आणि आंध्रात बंगालचा उपसागर. एकाच जिल्ह्यातल्या दोन वावरांची माती दोन समुद्रांना जाऊ शकते.

समुद्राच्या तोंडाशी काय होतं? जो चिकणमातीचा कण शेकडो कोस बुडाला नाही, तो भरपूर मिठाचं पाणी लागताच दुसऱ्या कणाला चिकटतो. गुठळ्या होतात, जड होतात, खाली बसतात. त्रिभुज प्रदेश उभे राहण्यात या गुठळ्यांचा मोठा वाटा आहे. खाडीतल्या चिखलावर खारफुटी उभी राहते, तो चिखलही बराचसा असाच जमलेला. किनाऱ्याला ही रसद सतत लागते, कारण लाटा रोज थोडं थोडं नेत असतात. आज नद्यांवरच्या धरणांत गाळ अडतो. गोदावरीच्या मुखाशी काही ठिकाणी किनारा मागे सरकतोय, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे. धरणात गाळ जास्त आणि किनाऱ्याला कमी. दोन्हीकडे तक्रार, आणि तक्रारीचं मूळ एकच.

म्हणजे गाळ वाईट की चांगला? इथे मी माझीच एक चूक सांगतो. २०१७ साली सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. तलावातला गाळ फुकट, नेण्याचा खर्च तेवढा आपला. पुढे एका उन्हाळ्यात मीही ट्रॅक्टर लावले आणि वडिलोपार्जित वावरात जाडजूड थर पसरला. माती तपासली नाही. वावर आधीच भारी काळ्या मातीचं. त्या पावसाळ्यात पाणी हटेना, तूर मुळाशी कुजून पिवळी पडली. शेजाऱ्यानं तोच गाळ आपल्या मुरमाड बरडीवर पातळ पसरला होता. त्याच्या जमिनीत ओल टिकली, पीक उभं राहिलं. तलाव एक, गाळ एक, ट्रॅक्टरही बहुधा एकच!

वैशेषिकांनी संयोगाला गुणांच्या यादीत घातलं आहे. वर्गात मी ते वर्षानुवर्षं शिकवलं. कळलं मात्र त्या तुरीपाशी. गाळाचं भलंबुरं एकट्या गाळात नसतं, तो कुणाला जाऊन मिळतो यात असतं.

आपल्या गावरचनेत हे शहाणपण होतंच. वस्तीची जागा पांढरी, शेताची जागा काळी. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या मातीच्या भिंती, राख, खापरं यांचा थर, माणसानं साठवलेला गाळच. ज्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळा जमवल्या, ते गावही अशाच थरांवर उभं आहे.

एक गोष्ट व्यवहाराची. यूलस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश अभ्यासकानं १९३५ साली दाखवलं की चिकट माती जागची उचलायला बारीक रेतीपेक्षा जास्त जोराचं पाणी लागतं, कारण तिचे कण एकमेकांना धरून असतात. पण एकदा ती पाण्यात गेली की संथ प्रवाहातही खाली बसत नाही. म्हणून थांबवायची तर ती वावरातच. धुऱ्यावरचं गवत, उताराला आडवी पेरणी, पहिल्या पावसाआधी जमिनीवर काहीतरी झाकण. नाल्यात पोचल्यावर ती आपली राहत नाही. वडील म्हणायचे, ‘‘पाणी गेलं तं पुन्हा येईन बाप्पा, माती गेली तं कुठून आनशीन?’’

आणि गाळ आणायचाच असेल तर आधी दोन मुठी तपासायला द्या, एक तलावातली, एक वावरातली. माझा एक हंगाम वाचला असता.

आता बरण्या पाहा. डावीकडची अजून गढूळ आहे. ती खारपाणपट्ट्यातली पावसाळी डबकी समजा. उजवीकडे वरचं पाणी निवळायला लागलंय, मागे बसलेल्यांनाही दिसत असेल. ते समुद्राचं तोंड. माती दोन्हीकडे एकाच वावरातली आहे. पुढे येऊन पाहा, आणि मग प्रश्न विचारा.