डीबगरच्या खिडकीतील देवनागरी : एका किरकोळ दोषाची चिकित्सा

प्रोग्राममधील चूक ज्याच्या साह्याने शोधावयाची, तो डीबगरच चुकीचे दाखवू लागला तर अभ्यासकाची कशी फसगत होते, याचे एक लहानसे उदाहरण येथे विचारार्थ घेतले आहे. पत्ते नोंदविणाऱ्या सी भाषेतील एका प्रोग्राममध्ये सोलापुरातील ‘शुक्रवार पेठ’ हे नाव एका चलात साठविले आहे, असे समजू. प्रोग्राम ते नाव अचूक छापतो. परंतु ग्राफिकल डीबगरच्या खिडकीत त्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, चलनचिन्ह, परिच्छेदचिन्ह अशी माळ उमटते.

केन टॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ साली योजिलेल्या यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. काना, मात्रा, हलन्त हीही स्वतंत्र चिन्हेच होत. म्हणून डोळ्यांना अक्षरे सहाच दिसली, तरी ‘शुक्रवार’ची ८ आणि ‘पेठ’ची ३ चिन्हे व मधली एका बाइटाची मोकळी जागा मिळून ३४ बाइट होतात.

आता, खिडकी रंगविणारा भाग आणि प्रत्यक्ष तपासणी करणारा जीडीबी हे बहुधा दोन निराळे प्रोग्राम असतात. जीडीबी आपला निरोप धाडताना रोमनेतर बाइट अष्टमान अंकांत लिहितो. ‘श’ हे अक्षर ३४०, २४४, २६६ असे येते. खिडकीचा भाग यांतील प्रत्येक अंक वाचताक्षणीच त्याचे एक स्वतंत्र अक्षर बनवितो. दोष आहे तो एवढाच. अवतरणचिन्ह बंद होईपर्यंत सर्व बाइट गोळा करावेत आणि मग अखंड मालिकेचे एकदाच वाचन करावे. यासाठी मोजक्याच ओळी बदलाव्या लागतात. सरसकट तीन-तीन बाइटांचे गट पाडण्याची युक्ती मात्र करू नये, कारण ‘शुक्रवार’नंतरच्या मोकळ्या जागेवरच गट विस्कटतात. (खिडकीत चिन्हांऐवजी अष्टमान अंकच दिसत असतील, तर प्रथम जीडीबीची संकेतनाची मांडणी तपासावी.)

दोष दिसण्यापुरताच आहे, म्हणून तो तसाच ठेवावा असे कोणी म्हणेल. आम्हास ते मान्य नाही. खिडकीवर विश्वास ठेवणारा अभ्यासक मुळात निर्दोष असलेला मजकूर यूटीएफ-८मध्ये पुन्हा रूपांतरित करतो. मग ३४ बाइटांचे ६७ होतात आणि नोंदवहीतील पत्ता खरोखरच बिघडतो. यास्तव कोणत्याही दुरुस्तीपूर्वी स्मृतीतील मूळ बाइट उघडून पाहावेत.

एक उपदोष उरतो. जीडीबी मूळ मांडणीत २०० घटकांनंतर मजकूर तोडतो. सलग देवनागरीत तेथवर ६६ चिन्हे पूर्ण होऊन दोन बाइट अधांतरी राहतात. ते गाळून खिडकीत पुढे केवळ तीन टिंबे द्यावीत.