मेडिकल लॅबोरेटरीतील करिअर : पदवी, प्रमाणपत्र आणि परवाना



कतारमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येक मोठ्या माणसाने रेसिडेन्स परमिटसाठी रक्त दिलेले आहे. कुणी दोह्यात मेडिकल कमिशनमध्ये, तर अलीकडे आलेल्यांपैकी काहींनी मुंबईच्या कतार व्हिसा सेंटरमध्ये. दंडाला पट्टी बांधून रक्त काढणारी व्यक्ती आपल्याला आठवते. त्या नळीचे पुढे काय होते, ती कोण तपासतो, त्याचे शिक्षण किती आणि त्याला पगार कशाच्या जोरावर मिळतो, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

मंडळाच्या कार्यक्रमांत हल्ली दोन प्रश्न हमखास कानावर येतात. पहिला बारावीतल्या मुलामुलींच्या पालकांचा : "एमबीबीएसची सीट मिळाली नाही, तर मेडिकलमध्ये दुसरे काय?" दुसरा आपल्या वहिनी मंडळींचा : "लग्नाआधी डीएमएलटी केले होते, दोन वर्षे लॅबमध्ये नोकरीही केली. इथे त्याचा काही उपयोग होईल का?" मी स्वतः संगणक क्षेत्रातला माणूस, डॉक्टर नव्हे. परंतु प्रयोगशाळांच्या संगणक प्रणालीच्या निमित्ताने या मंडळींचे काम जवळून पाहता आले. त्यातून आणि नियम वाचून जे समजले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

हे काम नेमके काय असते?

आता बहुतेक तपासण्या यंत्रे करतात, मग माणूस कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. एक उदाहरण घेऊ. रक्त घेताना निरनिराळ्या रंगांच्या टोपणांच्या नळ्या वापरतात. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए नावाचे रसायन असते. रक्त गोठू नये म्हणून ते कॅल्शियमला धरून ठेवते, आणि त्या रसायनात पोटॅशियमही असते. समजा, नमुना अपुरा पडला म्हणून कुणी या नळीतले थोडे रक्त दुसऱ्या नळीत ओतले. यंत्र आकडा अगदी बिनचूक देईल : पोटॅशियम भयंकर वाढलेले आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीसे झालेले. हा रिपोर्ट तसाच वॉर्डात गेला तर धडधाकट रोग्याला अतिदक्षता विभागातले उपचार सुरू होतील.

संगणक येथे धोक्याची सूचना देतो, रोग्याचा कालचा आकडा आजच्या शेजारी ठेवतो. पण "हा आकडा रोग्याचा नाही, नळीचा आहे" हे ओळखून रिपोर्ट थांबवणारा आणि वॉर्डात फोन करून नवा नमुना मागणारा तो मेडिकल लॅबोरेटरी सायंटिस्ट, म्हणजे आपल्या बोलीतला लॅब टेक्नॉलॉजिस्ट. जबाबदारी एवढी मोठी असल्यामुळेच या व्यवसायाला परवाना लागतो.

तीन कागद, तीन कामे

आमच्या संगणक क्षेत्रात उत्तम प्रोग्राम लिहिणाऱ्याला परवाना कुणी विचारत नाही. तेथून या क्षेत्राकडे पाहणाऱ्या पालकांचा गोंधळ येथेच होतो. लॅबच्या क्षेत्रात तीन वेगळे कागद आहेत. पदवी विद्यापीठ देते. तुम्ही काय शिकलात ते ती सांगते. प्रमाणपत्र व्यावसायिक संस्था देते. तुम्हाला आज किती येते ते त्यावरून कळते. परवाना त्या त्या देशाचे सरकार देते आणि त्याशिवाय रोग्याच्या नमुन्याला हात लावता येत नाही. एका कागदाने दुसऱ्याचे काम होत नाही.

म्हणून विचार उलट दिशेने करावा. आधी काम कोणत्या देशात करायचे ते ठरवावे, मग तेथील परवान्याच्या अटी वाचाव्यात आणि त्या अटीत बसणारा कोर्स शेवटी निवडावा. बहुतेक घरांत नेमके याच्या उलट होते. कोर्स आधी, फी भरून मोकळे, आणि अटींची चौकशी चार वर्षांनी.

भारतातील शिक्षण

महाराष्ट्रात डीएमएलटी हा डिप्लोमा आणि बीएमएलटी ही पदवी, असे दोन मुख्य मार्ग आहेत. डीएमएलटी बारावीनंतर साधारण दोन वर्षांचा असतो. बीएस्सीनंतर एक वर्षाचा डिप्लोमाही अनेक ठिकाणी चालतो. बीएमएलटी साधारण तीन वर्षांची असून त्यावर सहा महिने ते एक वर्ष इंटर्नशिप असते. पुढे बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी वगैरे विषयांत एमएस्सी करता येते.

२०२१ साली केंद्र सरकारने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात डिप्लोमाच्या पातळीवरील व्यावसायिकासाठी किमान २,००० तास, तर पदवीच्या पातळीवरील व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण सांगितले आहे. आपल्या राज्यात महाराष्ट्र परावैद्यक परिषद आहे. तेथील नोंदणी कोर्स संपताच करून घ्यावी, कारण परदेशात अर्ज करताना मूळ ठिकाणच्या नोंदणीची विचारणा होते.

एक गोष्ट पालकांनी जरूर लक्षात ठेवावी. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवण्यास मनाई केली. "दोह्यात बसून डिग्री, परीक्षेला फक्त एकदा या" अशी जाहिरात दिसली, तर ते पैसे वाचवावेत. तसेच नुसती बायोटेक्नॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजीची बीएस्सी म्हणजे लॅब टेक्नॉलॉजीची पदवी नव्हे. विषय जवळचे असले तरी परवाना देणारे गुणपत्रिकेवर हेमॅटॉलॉजी, क्लिनिकल केमिस्ट्री, रक्तपेढी ही नावे आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षण शोधतात.

मुलांना येथेच शिकवायचे असेल तर कतार विद्यापीठात बायोमेडिकल सायन्सेसची पदवी आहे. या पदवीला अमेरिकेतील लॅबोरेटरी शिक्षणाची मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता मिळालेली आहे. प्रवेशाची स्पर्धा आणि फी या दोन्हींची चौकशी मूल अकरावीत असतानाच करावी.

कतारचा परवाना

कतारमध्ये डॉक्टर, नर्स आणि लॅब टेक्नॉलॉजिस्ट या सर्वांचे परवाने सार्वजनिक आरोग्य मंत्रालयाचा आरोग्य व्यवसाय विभाग देतो. त्यालाच डीएचपी म्हणतात. हमद मेडिकल कॉर्पोरेशन असो, सिद्रा असो की एखादे छोटे खासगी क्लिनिक, परवाना सगळीकडे लागतो. ढोबळमानाने पदवीधराला टेक्नॉलॉजिस्ट आणि डिप्लोमावाल्याला टेक्निशियन असे पद मिळते. हा फरक पुढे पगारात आणि बढतीत आयुष्यभर दिसतो.

प्रक्रियेचे टप्पे असे. प्रथम कागदपत्रांची मूळ स्रोताकडून पडताळणी होते. हे काम डेटाफ्लो ही कंपनी करते. ती तुमच्या पदवीची प्रत पाहून समाधान मानत नाही. थेट विद्यापीठाला, नोंदणी परिषदेला आणि जुन्या नोकरीच्या ठिकाणी विचारते. मग प्रोमेट्रिकच्या केंद्रावर संगणकावरील परीक्षा असते आणि ती भारतातही देता येते. त्यानंतर मूल्यमापन मंजूर होते आणि नोकरी मिळाली की त्या संस्थेच्या नावावर परवाना निघतो. २०२० च्या कायद्यापासून नोकरी बदलताना जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट राहिलेली नाही. तरी परवान्यावर कामाचे ठिकाण बदलून घ्यावेच लागते.

याशिवाय नोकरीच्या व्हिसासाठी पदवीवर महाराष्ट्र शासन, दिल्लीचे परराष्ट्र मंत्रालय आणि कतारचा दूतावास यांचे शिक्के लागतात. सुट्टीवर गावी गेल्यावर हे काम आधी उरकावे, लग्नकार्ये नंतर.

सर्वात जास्त अर्ज अडतात ते अनुभवाच्या दाखल्यावर. गावाकडची लॅब बंद पडलेली असते, मालक फोन उचलत नाहीत, किंवा दाखल्यावर तारखाच नसतात. म्हणून नोकरी सोडतानाच लेटरहेडवर पद, पूर्णवेळ काम, रुजू होण्याची व सोडण्याची तारीख आणि सही करणाऱ्याचे नाव असलेला दाखला घ्यावा. आणि खोटा दाखला कधीही जोडू नये. येथे जोडलेला खोटा कागद उघड झाला तर एक अर्ज बाद होऊन भागत नाही, आखातातल्या बाकीच्या देशांचे दारही बंद होऊ शकते.

एएससीपी प्रमाणपत्राचा उपयोग

अमेरिकन सोसायटी फॉर क्लिनिकल पॅथॉलॉजी ही १९२२ सालची संस्था असून तिचे प्रमाणन १९२८ पासून चालू आहे. अमेरिकेबाहेरच्यांसाठी तिची आंतरराष्ट्रीय परीक्षा असते. अडीच तासांत १०० प्रश्न. रक्तपेढी, केमिस्ट्री, हेमॅटॉलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी या चार विषयांवर सर्वाधिक भर. उत्तर बरोबर आले की संगणक पुढचा प्रश्न अधिक कठीण विचारतो, त्यामुळे पेपर अवघड वाटू लागला तर घाबरू नये. ९९९ पैकी ४०० गुणांना उत्तीर्ण समजतात. प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी टिकवावे लागते.

हे प्रमाणपत्र म्हणजे कतारचा परवाना नव्हे. मात्र येथील मोठ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळा अमेरिकन पद्धतीच्या मान्यतेखाली चालतात, तेथे मुलाखतीत त्याला वजन असते. पुढे अमेरिकेला जायचे असेल तर त्याचा पाया होतो. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशा राज्यांचा परवाना मात्र वेगळा आहे. इंग्लंडमध्ये एचसीपीसीची नोंदणी लागते. सौदी, दुबई, अबूधाबी यांचेही परवाने आपापले आहेत.

घरी असलेल्या वहिनींसाठी

पदवी जुनी झाली तरी तिचे मोल राहते. अडचण करतो तो कामातला खंड. अर्ज पाहणारे शेवटचे काम कधी केले ते विचारतात, आणि खंड जितका मोठा तितका परवाना कठीण. म्हणून ज्यांना येऊन सहा महिने किंवा वर्षच झाले आहे, त्यांनी "मुले मोठी झाली की बघू" असे न म्हणता पडताळणी आणि परीक्षा आताच उरकावी. नोकरी लगेच करायची नसली तरी कागद तयार राहतात. पतीच्या व्हिसावर असताना कामाचा वेगळा परवाना काढून नोकरी करता येते. रात्रपाळी आणि सुट्टीच्या दिवसाची ड्यूटी हा या व्यवसायाचा भाग आहे. मुलांना कोण पाहणार, हे घरात आधी बोलून घ्यावे. ज्यांचा खंड फार मोठा आहे, त्यांनी गावी काही महिने एखाद्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये पुन्हा हात बसवण्याचा विचार करावा.

पैशाचा हिशोब

फीच्या रकमेत शिक्षे, पडताळणी, परीक्षा आणि विमानाची तिकिटे मिळवून खरा खर्च काढावा. नंतर वर्षे मोजावीत. अठराव्या वर्षी पुण्याला किंवा कोल्हापूरला गेलेले मूल बाविसाव्या वर्षी पदवीधर होईल, आणि दोन वर्षे अनुभव धरला तर चोविसाव्या वर्षी येथे अर्ज करील. मुलगा असेल तर वडिलांच्या व्हिसाची मर्यादा पंचविशीची आहे. शिवाय सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिल्यास रेसिडेन्स परमिट रद्द होऊ शकते, त्यामुळे शिकणाऱ्या मुलाने मधल्या सुट्टीत यायला हवे. "परवाना मिळवून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नयेत. अर्ज, पडताळणी आणि परीक्षा हे सर्व स्वतः करता येते.

परत जाऊन गावी स्वतःची लॅब काढण्याचा बेत असेल तर आणखी एक गोष्ट. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी असे ठरवले. हिशोबात पॅथॉलॉजिस्टचा खर्च धरावाच लागेल.

आणि भविष्य? नळ्या उचलून ठेवण्याचे, आकडे उतरवण्याचे काम यंत्रांकडे गेले आहे आणि अजून जाईल. रक्तपेढी, मायक्रोबायोलॉजी, जनुकीय तपासण्या, गुणवत्ता नियंत्रण आणि आमच्या संगणकाची लॅबशी सांगड घालणारी कामे मात्र वाढत आहेत. नुसते बटण दाबायला शिकवणारा कोर्स टाळावा आणि आकड्यामागचे कारण शिकवणारा कोर्स निवडावा.

फी भरण्यापूर्वी कॉलेजला चार प्रश्न लेखी विचारावेत. पदवी कोणत्या विद्यापीठाची? नोंदणी कोणत्या परिषदेत होते? प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात आणि किती महिने? येथून शिकलेल्या कुणाची पडताळणी आखातात पूर्ण झाली आहे काय? चारांपैकी एकाचेही उत्तर तोंडी आणि गुळमुळीत आले, तर पुढचे कॉलेज पाहावे.