कचेरीतला श्वास

संगीताची आवड असलेल्या मराठी घरांत देवास हे नाव एका आजारपणामुळे ठाऊक आहे. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने ग्रस्त होऊन माळव्यातील ह्या गावी येऊन राहिले, ते तेथील कोरड्या हवेसाठी. सुमारे पाच वर्षे त्यांना गाणे वर्ज्य होते. पुढे त्यांना गुण आला तो त्या काळी नव्यानेच मिळू लागलेल्या स्ट्रेप्टोमायसीन ह्या औषधाने, हे सांगितलेच पाहिजे. परंतु छातीच्या रोग्याने माळव्यात जावे ही समजूत काही उगीच रूढ झालेली नव्हती.

त्याच देवास जिल्ह्यात टोंकखुर्द हे तहसिलीचे गाव आहे. देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीवर मराठा पवारांचे राज्य होते, त्यामुळे ह्या मुलखाशी आपला संबंध जुना आहे. आणि वाऱ्याची तर येथे वाण नाही. ह्याच जिल्ह्यातील जामगोदराणीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. असे असता अशा गावांतील सरकारी इमारतींच्या आत हवा कशी असते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

वाचकहो, कोणत्याही तहसील कचेरीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. आपला सातबारा तसा तिकडचा खसरा. त्याच्या नकलेसाठी वा वारसाची नोंद करवून घेण्यासाठी खेडुतांची रीघ लागलेली असते. खिडक्या आहेत, पण त्यांच्यासमोर दप्तरांनी भरलेली कपाटे उभी आहेत. दारावरची झडप एकदा रंग देताना चौकटीला चिकटली, ती तशीच राहिली. अभ्यागत तासाभराने निघून जातो. कारकून मात्र तीस वर्षे तेथेच बसतो. शेजारच्या आरोग्य केंद्रात तर खोकणारे, तापलेले आणि कडेवरचे तान्हे मूल एकाच बाकावर असते. क्षयाचे जंतू खोकल्याच्या अतिसूक्ष्म तुषारांतून बाहेर पडतात व कोंदट खोलीत कित्येक तास तरंगत राहतात. अशा वेळी हवा खेळती आहे की नाही हा केवळ सुखसोयीचा प्रश्न राहत नाही.

हवा दिसत नाही, मग ती मापावयाची कशी? म्युनिकच्या माक्स फोन पेटेनकोफर ह्यांनी १८५८ साली याची एक साधी युक्ती सांगितली. माणूस कार्बन डायॉक्साइड वायू सोडतो. तो वायू त्या प्रमाणात स्वतः अपायकारक नसतो. पण खोलीत तो किती साचला यावरून इतरांच्या उच्छ्वासाचा किती भाग आपण पुन्हा आत घेत आहो हे कळते. दहा लाख भागांत एक हजार ही त्यांनी घातलेली मर्यादा. आज मोकळ्या हवेत हे प्रमाण सुमारे ४२० आहे आणि आपल्या उच्छ्वासात सुमारे ४०,०००. तेव्हा हातात मावणाऱ्या मापकाने एखाद्या खोलीत २,००० दाखविले, तर हिशेब सरळ आहे: तेथे बसलेल्याचा दर पंचविसावा श्वास दुसऱ्या कोणाच्या तरी छातीतून आलेला आहे. मला तरी हा आकडा कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलका वाटतो.

आता पुरेशी हवा म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली, करोनाच्या साथीत, दवाखान्याबाहेरच्या इमारतींसाठी माणशी दर सेकंदास दहा लिटर ताजी हवा असावी असे सुचविले. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद व बारा फूट उंच अशा खोलीत पंचवीस माणसे असतील, तर तिच्यातील सगळी हवा तासाला जवळजवळ नऊ वेळा पालटली पाहिजे. छताचा पंखा हे काम करीत नाही. तो आहे तीच हवा ढवळतो. भिंतीवरचे वातानुकूलन यंत्रही बहुधा खोलीतलीच हवा ओढून, थंड करून परत देते. उलट, उन्हाळ्यात खिडकीत बसविलेला वाळ्याचा कूलर बाहेरची हवा आत आणतो, आणि ती बाहेर जावयास वाट ठेवली तरच नीट चालतो. कचेरीला कूलर जाऊन यंत्र आले की प्रतिष्ठा वाढते व खिडक्या बंद होतात. थंड हवा म्हणजे ताजी हवा नव्हे, हे खरेदीची टिपणी लिहिणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही असे दिसते.

जुन्या बांधणीला आपण मागासलेली म्हणतो. पेरू देशाची राजधानी लीमा येथील आठ रुग्णालयांतील ७० खोल्या तपासून काही संशोधकांनी २००७ साली जे प्रसिद्ध केले ते ह्या दृष्टीने वाचनीय आहे. दारेखिडक्या उघडल्यावर पन्नासाहून अधिक वर्षांच्या, उंच छताच्या खोल्यांत हवा तासाला सुमारे ४० वेळा पालटत होती. नव्या खोल्यांत १७ वेळा. यंत्रांनी हवा खेळविलेल्या खास खोल्यांना १२ वेळांची शिफारस होती. आपल्याकडेही १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने खोलीला उजेड व हवा मिळावी म्हणून साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला होता. समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून फार नसावी, असा त्याचा व्यावहारिक अर्थ.

खिडकी उघडली की सगळे झाले, असे मात्र नाही. गव्हाची कापणी झाल्यावर माळव्यात शेतातली नरवाई, म्हणजे राहिलेली धाटे, पुष्कळ ठिकाणी जाळतात. त्या दिवसांत धूर आत येतो. काळ्या मातीची धूळ आहे, वीज गेली की डिझेलच्या जनित्राचा धूर आहे. कार्बन डायॉक्साइडच्या मापकाला ह्यांतले काहीच दिसत नाही. सूक्ष्म कणांचे मापक निराळे लागते. म्हणून इमारतीची तपासणी एकाच दिवशी करून भागत नाही. उन्हाळ्यात, दप्तरखान्यात बुरशी धरते त्या पावसाळ्यात, आणि थंडीत अशी तीनदा, तीही गर्दीच्या वेळी, ती व्हावयास हवी. सकाळी झाडलोट झालेल्या रिकाम्या कचेरीतला आकडा कोणाच्याच उपयोगाचा नाही.

मापक नसेल तर उदबत्ती आहे. ती पेटवून खिडकीशी, दाराशी, बाकाशी धरावी. धूर कोणीकडे वळतो, कोठे नुसता लोंबकळत राहतो, हे पाहावे. खोकणाऱ्याकडून लिहून घेणाऱ्याकडे जर तो जात असेल, तर टेबल व बाक यांची अदलाबदल करण्यास पैसा लागत नाही. पौष-माघात माळव्याची थंडी बोचते, तेव्हा खालच्या खिडक्या उघड्या ठेवा असे सांगणे निरर्थक आहे. त्यासाठीच तर जुन्या कारागिरांनी दारावर झडप ठेवली होती. ऊन झालेली शिळी हवा वर चढून तेथून निघून जाते आणि बसलेल्यांच्या अंगावर झोत येत नाही. चौकटीला चिकटलेला रंग खरवडून ती सोडविणे हे सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि ओढण्यासाठी एक दोरी लागेल.