पाणी भरायचं, पाणी काढायचं

काकीनाड्यासमोरच्या समुद्रात नैसर्गिक वायूची पाइपलाइन टाकतात तेव्हा ती रिकामी असते. आत नुसती हवा. बाहेर दर दहा मीटरला साधारण एक बार, म्हणजे दोन हजार मीटरवर दोनशे बारचा दाब. वायू यायच्या कितीतरी आधीच समुद्र पाइपची परीक्षा घेऊन मोकळा होतो. इथलं ‘आर क्लस्टर’ क्षेत्र डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालं, ते याच खोलीचं. मुंबई हायला पाणी जेमतेम पाऊणशे मीटर. तिथे पाणबुड्या उतरवता येतो. इथे माणूस जाऊच शकत नाही. जे करायचं ते जहाजावरच्या अंधाऱ्या केबिनमध्ये पडद्यासमोर बसून, आरओव्हीच्या, म्हणजे दूरनियंत्रित पाणयंत्राच्या, यांत्रिक हातांनी.

चाचणीसाठी आधी पाणी भरायचं. सुरुवातीला त्याला पंपही लागत नाही. आरओव्हीने व्हॉल्व्ह उघडला की बाहेरचा समुद्र आपणच आत शिरतो आणि पुढ्यातल्या पिगला, म्हणजे पाइपमध्ये घट्ट बसून आतून सरकणाऱ्या बोळ्याला, रेटत नेतो. आतबाहेरचा दाब जुळत आला की तो जोर ओसरतो, मग पंप. पाणी गाळलेलं, जंतुनाशक आणि ऑक्सिजन शोषणारं रसायन घातलेलं. शिवाय हिरवट चमकणारा रंग, गळती कॅमेऱ्यात दिसावी म्हणून.

पिगला ॲल्युमिनियमची गोल गेज प्लेट लावतात, पाइपच्या आतल्या व्यासाच्या साधारण ९५ टक्के. पाइप कुठे चेपला असेल तर तिची कड दुमडते. ती डेकवर आली की हातातली कामं टाकून सगळे भोवती जमतात. इतकी महागडी यंत्रं दिमतीला, आणि निकाल लागतो तो पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवून! मला या कामातला हाच भाग सर्वांत आवडतो.

मग हायड्रोटेस्ट, म्हणजे भरलेल्या पाण्याने दाबाची चाचणी. त्यात दाब चढवून बहुधा चोवीस तास धरून ठेवतात. तळाचं पाणी थंड आणि स्थिर, पण पाइपला जोडलेला डेकवरचा होज दिवसा उन्हाने तापतो, रात्री निवतो. दाबाच्या आलेखाची रेघही तशीच वरखाली होते. कुठे ऊन आणि कुठे गळती, हे ओळखण्यातच अनुभव लागतो.

आणि मग एवढ्या निगुतीने भरलेलं सगळं पाणी बाहेर काढायचं. तळाशी तापमान तीन-चार अंश, दाब प्रचंड. अशा ठिकाणी वायू आणि पाणी भेटले की हायड्रेटचा बर्फासारखा गोळा होऊन लाइन तुंबते. म्हणून पिगची अख्खी माळ सोडतात, मधल्या जागांत पाणी शोषणारं ग्लायकॉल, मागून नायट्रोजनचा रेटा. भरताना कामाला आलेला समुद्र आता आडवा येतो. त्याच्या दोनशे बारवर मात करायला डेकवरचे कंप्रेसर रात्रंदिवस कानठळ्या बसवत राहतात.

वेळापत्रक घसरलं की सगळ्यांचा डोळा याच टप्प्यावर असतो, कारण आत राहिलेलं पाणी कुणाला दिसत नाही. ते सापडतं नमुन्यात. शेवटच्या पिगबरोबर आलेल्या ग्लायकॉलमध्ये पाणी किती, ते मोजतात. मर्यादेपेक्षा जास्त निघालं तर माळ पुन्हा सोडायची.