वर्तनवाद: सवय सुटते, पण कारण दडून राहू शकते

"मोबाइल समोर धरल्याशिवाय तो घासच घेत नाही." "इंजेक्शन म्हटलं की हिला घाम फुटतो." "बाबांना अंघोळीला नेलं की ते हात उगारतात." दवाखान्यात रोज येणाऱ्या अशा तक्रारींकडे पाहण्याची मानसशास्त्रातली एक पद्धत म्हणजे वर्तनवाद. अमेरिकेतल्या जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये ती ठामपणे मांडली. मनात काय चाललंय ते दिसत नाही, वागणं मात्र दिसतं आणि मोजता येतं. म्हणून अभ्यास वागण्याचाच करावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्याआधी रशियात पावलॉव्ह यांनी दाखवलं होतं, की खाण्याआधी दर वेळी ठरावीक आवाज ऐकवला तर पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याला लाळ सुटते. केमोथेरपी घेणाऱ्या काही रुग्णांना हॉस्पिटलचं फाटक दिसताच मळमळतं, त्यामागे हेच असतं. घरच्यांनी त्याला नाटक समजू नये. शरीर ते शिकलेलं असतं आणि त्यावर उपायही असतात, त्यामुळे डॉक्टरांना जरूर सांगावं.

शिकलेली भीती विसरवताही येते. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला आवडीचा खाऊ खात असताना ससा हळूहळू जवळ आणून दाखवला. भीती गेली. टप्प्याटप्प्याने भीतीला सामोरं जाण्याचे आजचे उपचार याच वाटेवरचे आहेत. (इंजेक्शन पाहून चक्कर येत असेल तर मात्र आधी सांगा, झोपवून इंजेक्शन देता येतं.)

आता मोबाइलचं. स्किनर यांचा मुद्दा साधा होता: ज्या वागण्यानंतर हवं ते मिळतं, ते वागणं वाढतं. मूल रडलं, मोबाइल मिळाला, म्हणजे रडणं कामाला आलं. तुम्ही मोबाइल बंद केलात की पहिले काही दिवस रडणं कमी न होता वाढतं. इथेच बहुतेक घरं हरतात. तिसऱ्या दिवशी आजीने कळवळून मोबाइल दिला, की मूल शिकतं, अजून जोरात रडलं की मिळतो. कधी मिळणं, कधी न मिळणं यातून लागलेली सवय सर्वांत चिवट असते. म्हणून सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यांचं एकमत हवं.

इतकं उपयोगी असूनही हे शास्त्र माझ्या मते अर्धंच आहे. माणूस फक्त बक्षीस आणि शिक्षेवर चालत नाही. १९५९ मध्ये नोम चॉम्स्की यांनी स्किनर यांच्या भाषेविषयीच्या पुस्तकावर कठोर टीका केली. आपल्याकडचंच पाहा: लहान मूल 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणतं. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं, त्यासाठी शाबासकीही मिळालेली नसते. ते आतल्या आत नियम बांधत असतं. शिक्षेचा अतिरेकही याच विचाराच्या नावाने झाला. १९६० च्या दशकात अमेरिकेत ऑटिझम असलेल्या काही मुलांना वागणं बदलण्यासाठी विजेचे झटके दिले गेले.

डॉक्टर म्हणून मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. वागणं दिसतं, दुखणं दिसत नाही. अनेक महिने अंथरूण कोरडं ठेवणारं मूल पुन्हा ओलं करू लागलं, तर त्याला तक्त्यावर तारे देण्याआधी लघवी आणि रक्तातली साखर तपासायला हवी. बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, शाळेतली धास्ती यांपैकी काहीही असू शकतं. हात उगारणाऱ्या बाबांचा खांदा दुखत असेल किंवा पाणी गार लागत असेल. दिवसभर पडून राहणाऱ्या सुनेला 'आळशी' म्हणून टोकलं, तर नैराश्य कमी होत नाही.

तपासणीला येताना चार-पाच दिवसांची नोंद आणा: किती वाजता झालं, त्याआधी काय घडलं, त्यानंतर घरच्यांनी काय केलं. मात्र वयस्क माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळू लागला, ओळखेनासा झाला किंवा फार सुस्त झाला, किंवा अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाला खूप तहान लागून वजन घटत असेल, तर नोंदीत दिवस घालवू नका. त्याच दिवशी दाखवा. कोणी जीव देण्याची भाषा करत असेल, तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका आणि लगेच घेऊन या.