लिनक्सवरील बाह्य डिस्क व सामान्य वापरकर्त्याचा अधिकार

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघाल्यावर विठ्ठलवाडी हे पहिले स्थानक लागते. त्याला लागूनच उल्हासनगर आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या तेथील छावणीस हे नाव १९४९ साली मिळाले. या परिसरातील वृद्धांच्या बोलीचे ध्वनिमुद्रण बाह्य डिस्कवर साठवून एखाद्या विद्यार्थ्याने ती विभागातील लिनक्स संगणकास जोडली आणि ‘परवानगी नाही’ एवढेच उत्तर मिळाले, अशी कल्पना करावी. वैतागून डिस्क नव्याने फॉरमॅट केली, तर ते आवाज पुन्हा हाती येतीलच असे नाही.

या एका उत्तरात दोन निरनिराळे नकार दडलेले असतात. पहिला, डिस्क संगणकाच्या निर्देशिका-वृक्षात समाविष्ट करण्याचा, म्हणजेच माउंट करण्याचा. दुसरा, माउंट झाल्यावर तीवरील फायली वाचण्याचा वा लिहिण्याचा.

पहिल्या नकारामागे सावधगिरी आहे, आडमुठेपणा नव्हे. परक्या डिस्कवर रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, अधिकाराने चालणारा प्रोग्राम लपलेला असू शकतो. शिवाय ती भलत्याच निर्देशिकेवर माउंट झाल्यास संगणकाच्या स्वतःच्या फायली झाकल्या जातात. म्हणून हा अधिकार मुळात रूटचा. सामान्य वापरकर्त्यास तो बहुधा दोन मार्गांनी लाभतो. ‘एफएसटॅब’ या फाइलीत त्या डिस्कच्या ओळीत प्रशासकाने ‘यूजर’ हा शब्द घातला, तर कोणीही ती माउंट करू शकतो; मात्र त्याच शब्दाने, अन्यथा सांगितले नसल्यास, तीवरील प्रोग्राम चालविण्यास बंदी येते. दुसरा मार्ग ‘यूडिस्क्स’ सेवेचा. ही सेवा ‘पोलकिट’चे नियम पाहून निर्णय घेते, आणि ते नियम संगणकासमोर बसलेला वापरकर्ता व एसएसएचद्वारे दुरून आलेला वापरकर्ता यांत भेद करतात. प्रयोगशाळेत सहज माउंट होणारी डिस्क वसतिगृहातून होत नाही, याचे इंगित बहुतेक वेळा येथेच सापडते.

दुसरा नकार अधिक फसवा होय. ‘ईएक्सटी४’ पद्धतीच्या डिस्कवर फाइलीच्या मालकाचे नाव नसते, केवळ क्रमांक असतो. घरच्या संगणकावर १००० क्रमांकाचा विद्यार्थी विभागात १००७ क्रमांकाचा असेल, तर स्वतःच्याच फायलींना तो परका ठरतो. येथे रूटने मालकी बदलून देणे हा सरळ उपाय. पुष्कळजण ‘सीएचमॉड ७७७’ देऊन मोकळे होतात. पण त्यामुळे खाजगी मुलाखती संगणकाच्या प्रत्येक वापरकर्त्यास खुल्या होतात. ‘एक्सफॅट’वर तर मालकीची नोंदच नसते. तेथे मालक ठरतो तो माउंट करताना दिलेल्या ‘यूआयडी’ या पर्यायाने. नंतर ‘सीएचओन’ चालवून उपयोग नाही.

काही नकार परवानगीचे नसतातच. विंडोज ‘फास्ट स्टार्टअप’मुळे अर्धवट निद्रिस्त राहिली असता तिने धरून ठेवलेली ‘एनटीएफएस’ डिस्क लिनक्स अनेकदा केवळ वाचनापुरती माउंट करते किंवा मुळीच करीत नाही. तेथे रूटचा अधिकारही कामाचा नाही. विंडोज पूर्णपणे बंद करावी लागते. हा भेद ‘डीमेसेज’च्या शेवटच्या काही ओळींवरून बहुधा कळतो, म्हणून ‘सूडो’कडे धाव घेण्यापूर्वी त्या वाचाव्या.

काम संपल्यावर ‘डिस्क व्यग्र आहे’ असे उत्तर आले, तर ती ओढून काढू नये. पुष्कळदा ज्या टर्मिनलमधून आज्ञा दिली, तेच त्या डिस्कच्या निर्देशिकेत उभे असते.